अकरा जणांनी वाखाणलेला चहा

१

बाटलीत वाइन नव्हती, गार चहा होता. आणि हे कळलं तेव्हा टेबलावरच्या अकरा जणांचा तो चहा तोंड भरून वाखाणून झाला होता.

रविवारची दुपार होती. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या छोट्या इटालियन बिस्त्रोत चार टेबलं जोडून एक लांब टेबल केलं होतं. मालकीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि सासरची मंडळी पहिल्यांदाच जेवायला आली होती. टोमॅटोचं सूप झालं, लसूण लावलेला पाव झाला, मशरूमचा रिसोतो येऊन थांबला होता. आता ती बाटली यायची होती.

त्या बाटलीची कथा मालकीणबाईंनी सूप संपायच्या आतच सांगून टाकली होती. मुलगी जन्मली त्या वर्षीच्या वाइनच्या दोन बाटल्या त्यांच्या नवऱ्याने घेतल्या होत्या. एक बिस्त्रो उघडला त्या दिवशी संपली. दुसरी, मुलीचं लग्न ठरेल तेव्हासाठी, काचेच्या कपाटात कुलपात राहिली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण किल्ली तेव्हापासून मालकीणबाईंच्याच जुडग्यात होती आणि दुसऱ्या कुणाच्या हाती कधी गेली नव्हती. तेरा दिवसांपूर्वी, सुट्टीच्या वारी, एकटीने बसून त्यांनी ती बाटली पुसून लख्ख केली होती.

बाटली काकांनी आणली. काका म्हणजे बिस्त्रोतले सर्वांत जुने वेटर, बावीस वर्षं इथेच. गिऱ्हाइकांपासून मालकीणबाईंपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. घरची रीत अशी की वेटरने लेबल दाखवायचं, यजमानाने वाचून मान हलवायची, मग वेटरने बूच काढून बशीत यजमानापुढे ठेवायचं. काकांनी लेबल पुढे धरलं. मालकीणबाईंनी राणीसारखी मान हलवली.

काका बाटलीकडे बघत राहिले. मग वाकून हळूच म्हणाले, "बाई, आत नेऊन उघडू का? बुचाचा भरवसा वाटत नाही."

"इथेच उघडा," मालकीणबाई मोठ्याने म्हणाल्या. "सगळ्यांसमोर."

काकांनी बाटलीला नॅपकिन गुंडाळला, बूच काढलं आणि बशीत न ठेवता खिशात घातलं. मालकीणबाईंनी पहिला घोट मानाने व्याह्यांना देवविला. व्याह्यांनी ग्लास गोल फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात खोली!" मग काय, एकाने हो म्हटलं की बाकीचे मागे राहतात होय? विहीणबाईंना त्यात जुन्या लाकडाचा वास आला, जावयाला चेरी लागली, मालकीणबाईंच्या धाकट्या भावाला तर गहिवरूनच आलं.

राहिल्या होत्या जावयाच्या आजी. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि सरळ सांगितलं, "चहा आहे. कोरा. आणि गार."

मालकीणबाईंनी हसून आपला ग्लास ओठांना लावला, आणि त्यांचं हसू तिथेच थिजलं.

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. काकांच्या खिशातून बूच निघालं. त्याला आधीच एक भोक होतं आणि त्याच्या शेजारी आताचं दुसरं. बाटलीवरचा नॅपकिन सोडला तर लेबलचा खालचा कोपरा नखाने खरवडलेला, कागदाचे कण अजून ओले.

"काका, ही वाइन कोणी प्यायली?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान खाली घातली.

"एप्रन काढा," मालकीणबाई म्हणाल्या. आवाज जरा जास्तच चढला होता, कारण व्याही ऐकत होते.

काकांनी एप्रन काढला, चार घड्या घालून काउंटरवर ठेवला आणि भरल्या बिस्त्रोतून, पुढच्या दाराने, चालत बाहेर गेले.

२

सोमवारी बिस्त्रो बंद असतो. मालकीणबाई एकट्याच काउंटरमागे बसल्या होत्या. व्याह्यांचा फोन आला होता. "अहो, असं होतं कधीकधी," असं ते इतक्या गोडीने म्हणाले की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

अकराच्या सुमारास मुलगी आली, सोबत सर्व्हेअरबाईंना घेऊन. या बाई दर रविवारी कोपऱ्यातल्या टेबलावर एकट्या जेवत, एक ग्लास लाल वाइन घेत आणि कुणाशी फारसं बोलत नसत. काल दुपारीही त्या तिथेच होत्या. जन्मभर त्यांनी विमा कंपनीसाठी जळालेली दुकानं तपासली होती आणि काडी नेमकी कोणी लावली हे शोधून काढलं होतं.

"आई, काका असं करणार नाहीत," मुलगी म्हणाली. "मला त्यांनी कडेवर घेऊन फिरवलंय."

"बूच त्यांच्या खिशात होतं. लेबल त्यांनी खरवडलं. आणखी काय हवंय?"

"मला तेच खटकतंय," सर्व्हेअरबाई म्हणाल्या. त्यांनी कपाटाचं कुलूप पाहिलं. एक ओरखडा नव्हता. मग कालची रिकामी बाटली मालकीणबाईंपुढे धरली. "या कोपऱ्यात काय होतं, आठवतं?"

"नाही. आणि कालपासून ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर नको झालीय."

सर्व्हेअरबाईंनी बाटली खाली ठेवली. "चहा भरून बाटली बंद करायची, ही युक्ती बाहेरच्याला सुचायची नाही," त्या म्हणाल्या. "ही कला या घरातलीच."

ते खरंच होतं. रस्त्याकडच्या खिडकीत सात शोभेच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. लाल वाइनच्या जागी कोरा चहा, पांढरीच्या जागी पाणी. बिस्त्रो उघडला त्या दिवशी संपलेली ती जुळी बाटलीही त्यातच उभी होती. नवऱ्याची हौस ती. तो असताना खिडकी तोच मांडायचा, पुढे काका मांडू लागले. चहाला बुरशी धरते म्हणून तो महिन्याच्या महिन्याला तेच बदलत.

"म्हणजे चहा भरण्यात हात बसलेला माणूस एकच," मालकीणबाई म्हणाल्या.

"हो," सर्व्हेअरबाई म्हणाल्या. "दिसतं तर तसंच."

३

धाकट्या भावाला बोलावलं. तो आठवड्यातून तीनदा बहिणीकडे फुकट जेवायचा आणि बाटलीवर त्याचा डोळा होता हे जगजाहीर होतं.

"ताई, खरं सांगतो, मागितली होती मी काकांकडे. तीनदा. त्यांनी हाकलून लावलं," तो म्हणाला. "पण मी प्यायलो असतो तर रिकामी बाटली तशीच ठेवून पसार झालो असतो. चहा करा, गार करा, भरा, बूच ठोका. एवढे कष्ट मी आयुष्यात कधी घेतलेत का?"

भावाचा आळस हा कोणत्याही कोर्टात टिकला असता.

मग शेफ आला. सुट्टीच्या दिवशी बोलावलं म्हणून रागातच. "वाइन मी सॉसमध्ये घालतो, पोटात नाही. आणि काकांबद्दल विचारत असाल तर माझी त्यांच्याबद्दल एकच तक्रार आहे. अक्षर."

"अक्षर?"

"हे बघा." शेफने ओट्यावरच्या खिळ्याला टोचलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या काढून आणल्या. "मुंग्या चालल्यासारख्या ओळी. वाफेत उभं राहून हे वाचताना माझ्या नाकी नऊ येतात."

"तुम्हाला बारीक लिहून देतात?" मालकीणबाईंना हसू आलं. कालपासूनचं पहिलंच. "काउंटरवर मला देतात ती चिठ्ठी बघा. पहिलीतल्या मुलाने काढावं तसं ढब्बू अक्षर. एका कागदावर तीन शब्द मावत नाहीत. कागद वाया घालवू नका म्हणून चारदा ओरडलेय मी."

सर्व्हेअरबाईंनी एक चिठ्ठी ओट्यावरची घेतली, एक काउंटरवरची. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. हात एकच होता. एक चिठ्ठी बारीक, दुसरी बोटभर अक्षरांची.

"हे असं कधीपासून?" त्यांनी शेफला विचारलं.

"चार-एक वर्षं झाली. आधी एकच चिठ्ठी लिहायचे. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, दोन-दोन लिहायला लागले."

सर्व्हेअरबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये टाकल्या. "चला," त्या मालकीणबाईंना म्हणाल्या. "काकांच्या घरी जाऊ."

"मी? त्यांच्या दारात?"

"हाकललंत तुम्ही. मग जायचं कोणी?"

४

काकांचं घर दोन खोल्यांचं होतं. मालकीणबाई बावीस वर्षांत तिथे आज पहिल्यांदा आल्या होत्या, आणि हे पायऱ्या चढताना त्यांच्या लक्षात आलं. काकांच्या बायकोने पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

काका खुर्चीच्या कडेवर बसले. सर्व्हेअरबाईंनी प्रश्न विचारायच्या आतच ते म्हणाले, "मीच प्यायलो, बाई. लिहून घ्या. मुलीच्या लग्नात आता हा विषय नको."

मालकीणबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. झालं. संपलं. त्या उठणार, तोच सर्व्हेअरबाईंनी विचारलं, "कशी होती?"

"काय?"

"वाइन. सव्वीस वर्षांची होती. कशी लागली?"

काका जरा गडबडले. "चांगली होती."

"एवढंच?"

"हो. चांगली होती."

साध्या टेबल वाइनबद्दलही हा माणूस दहा मिनिटं बोलायचा. डोंगर कोणता, माती कोणती, त्या वर्षी पाऊस केवढा, जिभेवर आधी काय येतं आणि मागे काय राहतं. गिऱ्हाइकांचं जेवण गार व्हायचं, पण काकांचं बोलणं अर्ध्यावर तोडायचं सगळ्यांच्या जिवावर येई.

काकांच्या बायकोने पदराचा बोळा तोंडाशी धरला. काका खालीच बघत होते.

"किल्ली कुठून मिळवलीत?" सर्व्हेअरबाईंनी विचारलं.

"बाईंची पडलेली होती. घेतली."

"खोटं," मालकीणबाईंच्या तोंडून निघून गेलं. किल्ली झोपतानाही त्यांच्या उशाशी असे. आणि बोलून गेल्यावर त्यांना एकदम भीती वाटली. काका खोटं बोलत असतील, तर मग खरं काय?

५

बिस्त्रोत परत आल्यावर सर्व्हेअरबाईंनी खिडकीतल्या सातही बाटल्या काढून एका टेबलावर ओळीने मांडल्या. मुलीला त्यांनी आधीच काहीतरी काम सांगून बाहेर पाठवलं होतं.

"मी तीस वर्षं एकच गोष्ट बघितली," त्या म्हणाल्या. "माणूस फाडतो तो आपल्याविरुद्धचा पुरावा. काकांनी भर पंगतीत कोपरा खरवडला. पण बाटलीत चहा आहे हे पुढच्या घोटाला कळणारच होतं. मग तो कोपरा खरवडून काकांना स्वतःचं काय वाचवायचं होतं?"

"मला काय माहीत?"

"तुमच्या यजमानांची एक सवय होती, त्यांनीच एकदा मला सांगितली होती. शोभेची बाटली चुकून टेबलावर जाऊ नये म्हणून ते लेबलच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहायचे. गिऱ्हाइकाला दिसू नये इतकं बारीक." त्यांनी एक बाटली उचलून मालकीणबाईंच्या हातात दिली. "हे बघा. काय लिहिलंय?"

मालकीणबाईंनी बाटली हातात घेतली. जरा लांब धरली. मग आणखी लांब. कोपऱ्यात एक करडा डाग होता.

"त्यांची सही आहे," त्या म्हणाल्या. "ओळखते मी."

सर्व्हेअरबाईंनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सही नाही. 'चहा' लिहिलंय."

मालकीणबाईंच्या कानशिलांतून ऊन वाफ निघाल्यासारखं झालं. बाटली त्यांनी टेबलावर ठेवली ती जवळजवळ आपटलीच.

नवरा म्हणायचा, "गिऱ्हाईक पास्त्यासाठी येतं आणि तुझ्या डोळ्यांसाठी परत येतं." त्या डोळ्यांवर भिंगं चढवायची? चष्मा पाच वर्षांपूर्वीच करून आणला होता. तो घरी, कपाटात, मोज्यांच्या खाली होता. मेनू तोंडपाठ होता. सामानाच्या याद्या मुलगी वाचून दाखवायची. लांबचं दिसतच होतं. जवळचं न दिसताही किती छान निभावतं, याचा त्यांना थोडा अभिमानसुद्धा होता.

"सहा बाटल्यांवर 'चहा' किंवा 'पाणी' आहे," सर्व्हेअरबाई सांगत होत्या. "सातवी, ती जुळी, हिच्यावर काहीच नाही. बुचावरची पन्नी बघा. बोट फिरवा. कंपनीची आहे, कधीच न उघडलेली. तुमच्या यजमानांनी मुलीसाठी ठेवलेली वाइन हीच. कोणीही प्यायलेली नाही. दोन आठवडे झाले, खिडकीत उभी आहे."

मालकीणबाई खुर्चीत बसल्या.

तो सुट्टीचा दिवस त्यांना आता स्वच्छ दिसला. याच टेबलावर त्यांनी खिडकीतल्या बाटल्या पुसायला घेतल्या होत्या आणि कपाटातली तीही शेजारी आणून ठेवली होती. मध्येच विहीणबाईंचा फोन आला. बोलता बोलता त्यांनी दोन्ही हातांनी बाटल्या सारल्या, पुसल्या, ठेवल्या. काका पगार घ्यायला आले होते, म्हणाले, "बाई, मी ठेवतो जागेवर." आणि त्या म्हणाल्या होत्या, "ही माझी बाटली आहे, काका. तुम्ही जा."

"काकांना काल लेबल दाखवताना कळलं," सर्व्हेअरबाई म्हणाल्या. "त्यांनी आत न्यायचा प्रयत्न केला. तुम्ही नेऊ दिली नाही. ती अक्षरं कुणी वाचली असती तर पहिला प्रश्न आला असता, यजमानीणबाईंनी आत्ताच हे वाचून मान कशी हलवली? म्हणून त्यांनी कोपरा खरवडला. आणि बुचाचं जुनं भोक दिसलं असतं तर कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे आहे हेही निघालं असतं, म्हणून बूच लपवलं."

त्यांनी पर्समधून दोन चिठ्ठ्या काढल्या आणि मोठ्या अक्षरांची मालकीणबाईंपुढे ठेवली.

"चार वर्षांपूर्वी तुमच्या हातून कधी ऑर्डरची गफलत झाली होती?"

झाली होती. नऊ नंबरचं जेवण सात नंबरला गेलं होतं, आणि त्यासाठी त्या काकांवरच ओरडल्या होत्या. त्यानंतर आठवडाभरात ते ढब्बू अक्षर सुरू झालं. कागद वाया घालवू नका, काका. शाळेत गेला होतात की नाही, काका. हे त्यांनी गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, आणि गिऱ्हाइकं हसली होती.

"मी अहवाल देत नाही," सर्व्हेअरबाई पर्स बंद करत म्हणाल्या. "निवृत्त आहे. काकांनी कबुली दिलीच आहे. सांगायचं असेल ते तुम्ही सांगा, नाहीतर नका सांगू."

६

मंगळवारचा अख्खा दिवस मालकीणबाईंनी काही सांगितलं नाही. खोटं कशाला बोला, मोह झालाच. काकांना गुपचूप परत बोलवावं, पगार वाढवावा, व्याह्यांना म्हणावं की आम्ही मोठ्या मनाने माफ केलं. मोठं मन! हा शब्द डोक्यात आला आणि त्यांची त्यांनाच किळस आली.

बुधवारी त्या चष्मा लावून काकांच्या घरी गेल्या. काका भाजी आणायला गेले होते. दारात उभं राहूनच त्यांनी काकांच्या बायकोला सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "हाकललंत ते चारचौघांत."

म्हणून पुढच्या रविवारी तेच लांब टेबल, तीच माणसं. व्याही जरा अवघडून बसले होते. काका आणि त्यांची बायको टेबलाच्या मध्यावर, पाहुणे म्हणून. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

मालकीणबाई उभ्या राहिल्या. नाकावर चष्मा होता आणि आज त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की काकांचे केस पार पांढरे झाले आहेत.

"गेल्या रविवारी तुम्ही चहा प्यायलात तो मी ठेवलेला होता," त्या म्हणाल्या. "मला जवळचं वाचता येत नाही. पाच वर्षं येत नाही. लाज वाटते म्हणून चष्मा लावत नव्हते. बाटल्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. काकांना ते कळलं होतं. माझी लाज राखायला त्यांनी चोरीचा आळ अंगावर घेतला, आणि मी तो घेऊ दिला."

त्यांनी व्याह्यांकडे बघितलं. "त्यांनी काही चोरलं नाही. चूक माझी आहे. काका, मी तुमची माफी मागते. आत एकट्यात नाही, इथेच."

मुलगी रडत होती. भाऊ काट्या-चमच्यांकडे बघत होता.

"म्हणजे एवढ्या चांगल्या माणसाला तू हाकललंस?" जावयाच्या आजी म्हणाल्या. त्यांना आडपडदा ठाऊकच नव्हता.

"हो, आजी. मीच."

त्या 'मीच'नंतर कुणीही सारवासारव केली नाही, आणि ते बरंच झालं.

मग त्यांनी बाटली आणली. लेबल काकांपुढे धरलं. बूच काढून बशीत त्यांच्यापुढे ठेवलं आणि पहिला घोट त्यांना दिला. काकांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. सगळे थांबले होते.

"मनुका," काका म्हणाले. "मागे भिजलेलं लाकूड. त्या वर्षी पाऊस कमी झाला असणार, म्हणून गोडी घट्ट आहे. साहेब फार हौशी होते हो..." आणि पुढची दहा मिनिटं रिसोतो गार होत राहिला.

"मला यातलं काही कळत नाही," व्याही ग्लास खाली ठेवत म्हणाले. "गेल्या वेळीही कळलं नव्हतं."

पुढच्या पदार्थांची ऑर्डर मालकीणबाईंनी स्वतः लिहिली. आज वाढणार त्याच होत्या. टेबलाभोवती फिरून त्यांनी सगळ्यांचं लिहून घेतलं आणि चिठ्ठी काकांपुढे धरली. "बघता का एकदा? काही चुकलं नाही ना?"

काकांनी चिठ्ठी घेतली. लांब धरली. मग आणखी लांब, अगदी त्यांच्यासारखीच. आणि त्यांच्या चष्म्याआडच्या डोळ्यांकडे बघत म्हणाले, "बाई, अक्षर जरा मोठं काढा. कागद वाया गेला तरी चालेल."

टेबलावर कोणाला काही कळलं नाही. शेफ मात्र दारात उभा राहून खो-खो हसत सुटला. मालकीणबाईंना हसता येईना आणि वरही बघता येईना. त्यांनी नवा कागद फाडला आणि काउंटरवर, चार घड्या घातलेल्या त्या एप्रनशेजारी ठेवून, बोटभर अक्षरांत पहिल्यापासून लिहायला घेतलं.